घरात हाक काय मारता?

आजही दुपारी डोळा लागला की मला गाल दिसतात. नुसते गाल नव्हेत, आ केलेली तोंडं. तंबाखूनं काळवंडलेले दात, दुधाचे दात, एका आजोबांची तर नुसतीच हिरडी. मी एकेका गालाच्या आतून कापसाची काडी फिरवते आहे आणि रांग काही संपत नाही. धुकं इतकं दाट की रांगेचं शेवटचं माणूस दिसत नाही, फक्त त्याचा खोकला ऐकू येतो. जाग येते तेव्हा माझा हात हवेत गोल फिरत असतो. नवरा पेपरमधून डोकं वर न काढता विचारतो, "संपलं का शिबिर?"

जुन्नर-आंबेगावात मला माझ्या नावानं ओळखणारी माणसं थोडी. 'गालवाल्या बाई' म्हटलं की एसटीचा कंडक्टरही जागा करून देतो. मूळची मी रक्त तपासणारी, मंचरच्या एका लॅबमधली. पुढं मूळ पेशींचे दाते नोंदवणाऱ्या एका संस्थेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं.

हे काम काय, ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून नीट कळलेलं नाही. काही मुलं जन्मतःच अंगात रोगाशी लढायची ताकद नसलेली येतात. आईबापांकडून आलेला दोष असतो, कुणाची चूक नसते. आपल्याला चार शिंका देऊन जाणारी सर्दी त्यांच्या फुप्फुसात जाऊन बसते. साधं गळू महिना महिना वाहतं. औषधांनी दिवस ढकलता येतात. पण रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मूळ पेशींपासून, आणि बिघाडच तिथं असतो. म्हणून निरोगी माणसाच्या मूळ पेशी आणून द्याव्या लागतात. त्या कुणाच्याही चालत नाहीत. पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात, आणि त्या गालातून फिरवलेल्या काडीवरून कळतात. सख्खं भावंड असेल तर चारात एक वेळा पूर्ण जुळतं. आईबाप निम्मे जुळतात. निम्म्या जुळणीवरही आताशा करतात, पण धोका जास्त. चुलत, मामे, आते भावंडं जुळतीलच अशी आशा जवळजवळ धरायचीच नाही. मग उरतात परकी माणसं, आणि ती शोधायला मी.

लोकांची समजूत अशी की आम्ही मणक्यातून पाणी काढतो आणि माणूस कायमचा वाकतो. मी भर सभेत उभी राहून, कमरेत वाकून, पायाचे अंगठे धरून दाखवायची आणि म्हणायची, मणक्याला हातसुद्धा लावत नाहीत. एक तर दंडातून रक्त घेतल्यासारखं घेतात, नाहीतर भूल देऊन कमरेच्या हाडातून.

जुन्नरला सलीमभाई म्हणून एक पत्र्याच्या ट्रंका करणारे होते. नोंद केल्यावर वर्षभरातच ते कुणाशी तरी जुळले. कुणाशी, ते सांगायचं नसतं. दंडातून पेशी देऊन आले आणि त्यानंतर दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे चेहरे निरखायला लागले. गिऱ्हाइकाला ट्रंकेचं माप विचारायच्या आधी तब्येत विचारायचे. मला म्हणाले, "बाई, कुठं तरी माझं रगत फिरतंय. तिकडं पाऊस पडला की हितं माझं गुडघं दुखत्यात." मी म्हटलं, असं होत नाही सलीमभाई. ते म्हणाले, "तुमाला काय ठावं, तुमी कुठं दिलंय." खरंच, मी कधी कुणाशी जुळलेच नाही.

आता माझ्या एका हुशारीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पेशंटच्या घरी गेलं की मी घराण्याचा तक्ता काढायची. कोण कुणाचं, किती जगले, किती गेले. पण लहानपणी गेलेल्या मुलांबद्दल कुणी पहिल्या भेटीत बोलत नाही. म्हणून मी मेलेल्यांची चौकशी करायचीच नाही. जिवंत माणसांची नावं विचारायची, आणि मग हळूच, "घरात हाक काय मारता?" दगडू, धोंडू, केरू, भिकू ही उगाच ठेवलेली नावं नसतात. आधीची मुलं टिकली नाहीत की पुढच्याला असं नकोसं नाव द्यायचं, म्हणजे नेणाऱ्याची नजर त्याच्यावर ठरत नाही. आता आधार कार्डावर आरव नि स्वरा असतात, पण चुलीपाशी हाक जुनीच. एखाद्या घरात काका दगडू आणि आत्या धोंडाबाई निघाली की मी पेन खाली ठेवून चहा मागायची, कारण तिथं वेळ लागणार हे कळायचं. पुण्याचे डॉक्टर विचारायचे, हे कुठून शिकलात. मी नुसती मान उडवायची. फार चढलं होतं मला ते.

तळेघरच्या पुढं एका वाडीत बाळू नि सुमन राहायचे. भात आणि नाचणी करणारं घर. त्यांची मुलगी तीन वर्षांची, कागदावर आराध्या, घरात धोंडी. गळ्याला गाठी, पाठीवर गळवाचे व्रण, आणि डोळे इतके टवटवीत की आजारी कोण, असं वाटावं. पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं आणि दात्याचा शोध माझ्याकडे आला होता. मी तक्ता काढायला बसले. सुमन बाळूच्या सख्ख्या मामाची मुलगी. धोंडीच्या आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेलेली, हे मला नावावरून हुडकावंही लागलं नाही, बाळूनंच सांगितलं. मी विचारलं, "आता मुलं किती?"

सुमन म्हणाली, "एकच." बाळू बाहेर भाताच्या खाचराकडे बघत होता.

मी लिहिलं, भावंडं नाहीत.

पंधरा दिवसांनी तळेघरच्या शाळेच्या व्हरांड्यात शिबिर घेतलं. पहाटेपासूनचं धुकं दहा वाजले तरी हटत नव्हतं. माणसं त्यातून चालत यायची आणि व्हरांड्याच्या पायरीशी आली की एकदम त्यांना चेहरा यायचा. आम्ही फक्त अठरा पूर्ण झालेल्यांची नोंद करतो, पण पेशंटचं सख्खं भावंड असेल तर ते कितीही लहान असो, घेतो. बाळू आला तो सुमनला आणि बहिणीला घेऊन. तिचं नाव ताराबाई, बेल्ह्याला दिलेली. तीन गाड्या बदलून आली होती आणि बरोबर नऊ वर्षांची मुलगी.

बाळूनं टोपी काढून हातात धरली. "बाई, हिचंबी घ्या की."

"ही कोण?"

तो सुमनकडे बघायला लागला. सुमन जमिनीकडे. मग ताराबाई म्हणाली, "माझी हाय."

"म्हणजे आतेबहीण," मी म्हटलं. "मग नाही चालायचं. त्यांचं जुळत नाही, उगाच काडी वाया." पोरगी तोपर्यंत आ करून, गाल पुढं करून उभी राहिली होती. मी तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि पुढच्याला बोलावलं. मागून ताराबाईनं तिला हाक मारली, "कोंडे, ये मागं. बाई नको म्हणत्यात." ती धुक्यात गेली. बाळू टोपी हातातच धरून थोडा वेळ तिथं उभा होता. मला वाटलं, थंडीनं गारठलाय.

त्यानंतर वर्षभर मी धोंडीसाठी परका दाता शोधत राहिले. आपल्याकडच्या याद्या, बाहेरच्या देशांतल्या याद्या. एक तरुण जुळला. त्याला मी फोन केला तेव्हा तो हो म्हणाला, दुसऱ्यांदा बघतो म्हणाला, तिसऱ्यांदा त्याच्या घरच्यांनी फोन उचलला. मी त्याला दोष देत नाही. नोंद करताना माणूस भावनेच्या भरात असतो, आणि घरी गेल्यावर घर असतं. दरम्यान धोंडीच्या फुप्फुसात बुरशी वाढली. डॉक्टरांनी एक तुकडा काढून टाकला. तिच्या आईच्या निम्म्या जुळणीवर करायचं का, हे ठरवायला पुण्यात डॉक्टरांनी बैठक घेतली.

त्या बैठकीवरून मी मंचरला परतत होते. दुपारची एसटी, खिडकीतून ऊन मांडीवर. मधल्या वाटेत कुणी तरी गुरांसाठी कोंड्याचं पोतं ठेवलं होतं. राजगुरुनगर सुटलं तसा माझा डोळा लागला आणि नेहमीची रांग लागली. नेहमीचं धुकं. पण या वेळी रांगेत एकच मुलगी होती. ती गाल पुढं करून उभी होती आणि माझ्या हातात काडी नव्हती, चॉकलेट होतं. मी खिसे चाचपत होते, पर्स उलटी करत होते, आणि ती तोंड मिटत नव्हती. मागून कुणी तरी ओरडलं, "कोंडे, ए कोंडे."

मी डोळे उघडले. पेठचा थांबा आला होता आणि कंडक्टर ओरडत होता, "कोंडा कुणाचा हाय? ए कोंडावालं, पोतं उचला, पब्लिकनं पाय कुठं ठिवायचा?"

कोंडी. ताराबाईच्या घरात एकही मूल गेलेलं नव्हतं, ते मी स्वतः तक्त्यात लिहिलं होतं. मग तिच्या मुलीला कोंडी का म्हणतात? कोंडिबा, कोंडाबाई ही तर माझ्या यादीतली नावं. मूल टिकत नसेल तर ते जन्मल्याबरोबर दुसऱ्या बाईच्या ओटीत घालतात आणि तिच्याकडून मापभर कोंडा घेतात. मूल तिचं झालं, आपल्याकडं काय, कोंडा. बहुतेक घरांत घटकाभरात मूल परत येतं आणि नाव तेवढं राहतं. सगळ्या तालुक्याची नावं वाचत फिरणारी मी, आणि हे नाव माझ्या कानाशी हाक मारून गेलं होतं.

मंचरला मी उतरलेच नाही. आळेफाट्याला गाडी बदलून बेल्हं गाठलं. बाजाराचा दिवस होता, बैल भरलेल्या टेंपोंतून वाट काढत ताराबाईचं घर शोधलं. ती भाकरी थापत होती. मला बघून तिनं हात धुतले आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "कळलं व्हय तुमास्नी?"

ताराबाईनं सांगितलं, दोन मुलं गेल्यावर ही तिसरी झाली. सुमननं बाळंतिणीच्या खोलीतच नणंदेच्या ओटीत घातली. परत घ्यायची होती, पण पोर बेल्ह्याला बाळसं धरायला लागली आणि तिला परत न्यायची सुमनची छातीच होईना. शपथ घातलेली, तोंडानं माझी म्हणायची नाही. ती तिथंच राहिली. धोंडी झाली तेव्हा तिलाही द्यायचं ठरलं होतं, पण सुमनच्यानं दुसरी देववली नाही.

"त्या दिवशी सांगायचं तरी," मी म्हटलं.

"आमी लई इचार केला. शपथ मोडायची न्हाई आन् काडी तर फिरली पायजे. म्हणून दादा घिऊन आला तिला. पर तुमीच म्हणालात न्हाई चालत. आमाला वाटलं, बाईला ठावं."

मला त्या चुलीपाशी रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. बाळूला फोन लावला. तो म्हणाला, "घ्या, बाई. म्या तवाच..." आणि थांबला. पुढचं त्यानं आजवर कधी पुरं केलेलं नाही. कोंडी शाळेतून आली. मी पर्समधून काडी काढली तशी तिनं दप्तर न उतरवताच आ केला.

पूर्ण जुळली.

आता अडलं ते सुमनपाशी. दाता लहान असला की आईबापांनी सही करावी लागते, आणि सहीच्या पुढं नातं लिहावं लागतं. मी तळेघरला गेले, वाडीपर्यंत चालत. ती नाचणी निवडत होती. मी तिला सगळं समजावलं, चारात एक, आईबापांकडून येणारा दोष, कोंडी जगली ती बेल्ह्याला होती म्हणून नव्हे तर तिच्यात दोष उतरलाच नव्हता म्हणून.

सुमननं सूप खाली ठेवलं. "दिली ती जगली. ठिवली ती मरायला टेकली. आता दिलेलीला माझी म्हणू? मंग दोगीबी जात्याल."

"तसं नसतं, सुमन."

"तुमचं खरं आसंल, बाई. पर तुमी तवाबी खरंच बोलत व्हता."

ती पुन्हा नाचणी निवडू लागली, आणि काय करावं कळेना म्हणून मीही खडे वेचू लागले. निघताना तिनं एवढंच विचारलं, "तिला लई दुखंल का?" मी म्हटलं, दोन दिवस कंबर दुखेल. ती म्हणाली, मी पुण्याला येते.

पुण्याला डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. डॉक्टरांनी सांगितलं, आधी औषधं देऊन धोंडीच्या हाडांतल्या जुन्या पेशी संपवायच्या, मग बहिणीच्या घालायच्या. बाळूनं मान हलवली. "म्हंजी राब भाजायचा आदी, मंग बी टाकायचं." त्याच्याकडं भाताचं रोप असंच करतात, जमीन भाजून. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, त्यांना कळलंय, तुम्ही पुढं चला.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कोंडीची आई कोण?"

ताराबाई पदराचं टोक पिळत होती. सुमनचं तोंड उघडलं, मिटलं. डॉक्टर चांगला माणूस होता, पण त्याला पुढं पेशंट होते. त्यानं पुन्हा विचारलं. कोंडी सगळ्यांच्या मधे बसून पाय हलवत होती.

सुमन माझ्याकडं वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तोंडानं म्हणायचं न्हाई, आसं ठरलं व्हतं. लिवलं तर चालंल का?"

मी तिच्यापुढं फॉर्म सरकवला. सातवी शिकलेली बाई, अक्षर गोल आणि मोठं. नात्याच्या रकान्यात तिनं 'आई' लिहिलं. मग पेन खाली न ठेवता कोंडीकडं बघितलं, काही होतंय का, म्हणून. श्वास चालू आहे का, असं बघतात तसं. काही झालं नाही. कोंडीचे पाय हलत होते. मग सुमननं सही केली.

डॉक्टरांनी कोंडीला विचारलं, तुझी तयारी आहे का, तुला सगळं माहीत आहे का. ती म्हणाली, "मला लई दिवसांपास्नं ठावं हाय. सुट्टीत मामीकडं गेल्यावर मामी माझं केस इंचरती. आयेपरास हळू इंचरती." ताराबाईनं तिच्या पाठीवर एक चापट मारली आणि मग हात तिथंच ठेवला.

धोंडीच्या अंगात पेशी घालणं हा पाहायला फारच साधा प्रकार होता. गडद लाल पिशवी, नळी, काही तास. लोकांना वाटतं मोठं ऑपरेशन असेल. मी काचेबाहेर उभी होते. सुमन आत, तोंडाला मास्क, आणि पिशवीतून थेंब पडताना ती एकेका थेंबाला ओठ हलवत होती. काय म्हणत होती, कोण जाणे. मास्क होता, त्यामुळे तोंडानं म्हटल्याचं दिसत नव्हतं.

धोंडी वाचली. महिने गेले, ताप आले, केस गेले, पुन्हा आले. आता ती सहा वर्षांची आहे आणि तिचा रक्तगटसुद्धा बदलून कोंडीचा झाला आहे. हे असं होतं, नेहमीच होतं, पण ते ऐकून मी आजही क्षणभर थांबते.

आमच्या संस्थेच्या फॉर्मवर नावाच्या खाली जागा नसते. मी तिथं समासात पेन्सिलीनं लिहायला लागले, 'घरची हाक.' आणि आते-मामे भावंडं गाल पुढं करून उभी राहिली की काडी वाया गेली तरी फिरवायची. माझ्या जागी आलेल्या मुलींनाही तेच सांगून आले. त्या कॉम्प्युटरवर भरतात, तिथं समास नसतो. कुठं तरी लिहा म्हटलं.

या दसऱ्यानंतर मी तळेघरला जाऊन आले. कोंडी आधीच सुट्टीला आली होती. दोघी मला घ्यायला थांब्यावर आल्या. वाडीची वाट चढाची. पहिल्या वळणाला धोंडी थांबली, दुसऱ्याला पुन्हा थांबली, छातीला हात लावून. फुप्फुसाचा तो तुकडा आता नाही. वेळेवर काडी फिरली असती तर असता. कोंडी तिच्याबरोबर थांबायची, आणि मीही. ते वर्ष मला कुणी परत मागितलेलं नाही, पण त्या वाटेवर ते दर वळणाला उभं असतं.

घरी सुमननं चहा केला. पोरी खाचराकडं पळाल्या होत्या. धुकं खालून वर सरकत होतं आणि त्यांच्या फ्रॉकचे दोन ठिपके दिसत होते, नव्हते. सुमन म्हणाली, "डाक्टर म्हणलं, धोंडीच्या अंगात समदं रगत आता तिच्या भयनीचं."

"हो."

"मंग धोंडीला म्या काय बी म्हणलं, तर ते कुणाला म्हणल्यागत व्हतंय?"

ती उठून दारात गेली, आणि त्या धुक्यात तिनं हाक मारली. नाव घेतलं नाही. "ये गं माझे बाय."

खाचरातून दोन ओ आल्या.